तीन सकाळी आणि एक ब्लेड: ‘बिचेस ब्रू’ कसा घडला

‘फॅरोज डान्स’ लावा आणि पावणेनऊ मिनिटं जाऊ द्या. तिथून पुढच्या काही क्षणांत जेमतेम एका सेकंदाचा एक तुकडा लागोपाठ पाच वेळा कानावर पडतो. तसाच तुकडा पुन्हा वाजवलेला नाही, तोच तुकडा आहे. झांजेचा किणकिणाट तोच, पियानोचा अर्धवट तुटलेला स्वर तोच, ट्रंपेटच्या फुंकेतली हवाही तीच. तेरा माणसं एका खोलीत बसून एकच सेकंद पाच वेळा हुबेहूब वाजवू शकत नाहीत. हे काम वादकांनी केलेलं नाही. ते चुंबकीय टेप, धारदार ब्लेड आणि चिकटपट्टी हाताशी घेऊन बसलेल्या माणसाचं आहे.

त्या माणसाचं नाव टिओ मसेरो. ट्रंपेटवादक आणि म्होरक्या माइल्स डेव्हिस. अल्बमचं नाव ‘बिचेस ब्रू’: पहिला शब्द शिवीच्या अंगाने जाणारा, दुसऱ्याचा अर्थ उकळत ठेवलेला काढा. हे नाव ठेवायचं आहे असं माइल्सने फोनवर कळवलं, तेव्हा मसेरोने कंपनीतल्या वरिष्ठांना चिठ्ठी पाठवून ‘काय करू ते सांगा’ असं विचारलं होतं. नाव राहिलं. मार्च 1970मध्ये दोन तबकड्यांचा, सुमारे 94 मिनिटांचा हा अल्बम कोलंबिया कंपनीने बाजारात आणला. जॅझ आणि रॉक यांची सांधेजोड म्हटली की आजही पहिलं बोट याच्याकडे जातं.

हा अल्बम दोनदा तयार झाला. एकदा तीन दिवसांत, खोलीत, वादकांच्या हातून. नंतर संपादनाच्या टेबलावर. आणि संगीताची बांधणीच अशी ठेवलेली होती की दुसऱ्यांदा तयार होणं शक्य व्हावं. ही शेवटची गोष्ट बहुतेक लिखाणात निसटते, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबू.

खोलीत कोण होतं

19, 20 आणि 21 ऑगस्ट 1969. न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावरचा कोलंबियाचा स्टुडिओ बी. वेळ सकाळची. वुडस्टॉकचा प्रचंड रॉक महोत्सव संपून एकच दिवस उलटला होता. ही तारखांची जवळीक योगायोगाची, पण वातावरण कळायला उपयोगी. जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन यांच्या रेकॉर्डी माइल्सच्या कानात होत्या, आणि जॅझच्या क्लबांतली गर्दी ओसरत चालली होती.

ट्रंपेटवर माइल्स. सोप्रानो सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर. बास क्लॅरिनेटवर बेनी मॉपिन. हे वाद्य खर्जातलं, जाड लाकडी आवाजाचं, आणि जॅझ बँडमध्ये क्वचित दिसणारं. अल्बमच्या तळाशी जो काळोखा, सरपटणारा आवाज सतत ऐकू येतो तो त्याचा. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, त्याच वर्षी इंग्लंडहून आलेला. बास दोन: डेव्ह हॉलंड आणि हार्वी ब्रुक्स. हॉलंड जॅझमधला, बहुतेक ठिकाणी उभ्या लाकडी बासवर. ब्रुक्स रॉकच्या रेकॉर्डिंगमधला, इलेक्ट्रिक बासवर. ड्रमसेटही दोन, जॅक डीजॉनेट उजव्या बाजूला आणि अवघ्या एकोणीस वर्षांचा लेनी व्हाइट डाव्या. जोडीला डॉन अलायस आणि जुमा सँटोस कोंगा व इतर तालवाद्यांवर.

इलेक्ट्रिक पियानोही दोन, आणि तिसऱ्या दिवशी तीन. डावीकडे जो झाविनुल, उजवीकडे चिक कोरिया, मधोमध लॅरी यंग. पियानो म्हटलं तरी यात तारा नसतात. पट्टी दाबली की छोटी हातोडी पोलादाच्या एका बारीक काडीवर आपटते, काडी थरथरते, समोरचा चुंबकीय पिकअप ती थरथर विजेत बदलतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तिचा आवाज करतो. हळू दाबलं तर घंटेसारखा गोल स्वर, जोरात दाबलं तर गुरगुर. अशी तीन वाद्यं एकाच सप्तकात एकाच वेळी वाजली तर चिखल होतो, कारण तिघांचा आवाज मधल्याच पट्ट्यात दाटतो आणि कोणाचा स्वर कोणता ते कळेनासं होतं. यावर इलाज साधा होता. तिघांना स्टिरिओत डावं, मध्य आणि उजवं अशा तीन जागा दिल्या. हेडफोन लावून ऐकलं तर तिघं वेगवेगळे सापडतात; फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकलं तर चिखलच ऐकू येतो. या अल्बमबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येत असाव्यात.

दोन ड्रमसेटचंही तसंच. दोघांनी एकच ठोका धरला की तो अचूक एकत्र पडत नाही, किंचित पुढेमागे होऊन ‘थप’चं ‘थ्थप’ होतं. म्हणून एकाने चाल धरून ठेवायची आणि दुसऱ्याने तिच्याभोवती भरणा करायचा. चाल मुख्यतः डीजॉनेटकडे. ‘माइल्स रन्स द वूडू डाउन’ वाजवताना दुसऱ्या दिवशी हेच अडलं. हवी ती चाल बसेना. तेव्हा कोंगावर बसलेल्या डॉन अलायसने न्यू ऑर्लीन्सच्या मार्डी ग्रा मिरवणुकीतला एक ठेका सुचवला, माइल्सने त्यालाच ड्रमसेटवर बसवलं, आणि रेकॉर्डवर डाव्या बाजूला ऐकू येतो तो अलायस.

कागदावर काय होतं

फार थोडं. जॅझमधली नेहमीची रीत अशी की बत्तीस मात्राखंडांचं एक गाणं असतं आणि त्यात ठरलेल्या क्रमाने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे पुंजके, बदलतात. सगळे आधी चाल वाजवतात, मग तोच कॉर्डांचा फेरा पुन्हापुन्हा फिरत राहतो आणि त्यावर एकेक जण आपली कल्पना मांडतो. माइल्सने हा फेराच बहुतेक काढून टाकला. वादकांसमोर एखादी लय, एक-दोन कॉर्ड, बासची दोन खंडांची एक ओळ, सुरावटीचे काही तुकडे. बाकी तिथल्या तिथे. टेप चालूच ठेवा, मध्ये थांबवू नका, अशी मसेरोला ताकीद होती. माइल्स हाताने खुणा करायचा, कोणाला थांबवायचा, कोणाला पुढे काढायचा. शीर्षक तुकड्यात, म्हणजे ‘बिचेस ब्रू’ याच नावाच्या तुकड्यात, त्याच्या चुटक्या आणि मधूनच त्याचा घोगरा आवाजही टेपवर उतरलेला आहे.

आपल्याकडचा दाखला घ्यायचा तर स्वतंत्र तबलावादनाचा. हार्मोनियमवर लहेरा चालू असतो, सोळा मात्रांची एकच ओळ, अर्धा तास. लहेरा कुठे जात नाही, तो जागा धरून ठेवतो. जे काय घडतं ते त्याच्यावर. ‘बिचेस ब्रू’मधला बास म्हणजे हा लहेरा. फरक एवढाच की लहेरेकरी इमानदारीने तीच ओळ वाजवतो आणि हॉलंड-ब्रुक्स तिच्यात अधूनमधून चिमटे काढतात.

तालाच्या आतली विभागणीही बदलली. जुन्या स्विंग जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग असमान असतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, साधारण दोनास एक. त्यामुळे चाल डुलते. रॉकमध्ये दोन्ही भाग सारखे, त्यामुळे चाल सरळ पावलं टाकते. इथे पाया सरळ पावलांचा आहे आणि वरचे वादक मात्र डुलण्यात वाढलेले. ही ओढाताण म्हणजेच या अल्बमची चव.

‘स्पॅनिश की’मध्ये थोडी वेगळी युक्ती आहे. तिथे आधारस्वर आणि सुरावट बदलत जाते, पण किती खंडांनी बदलायचं ते ठरलेलं नाही. पुढे असलेला वादक इशारा म्हणून एक ओळखीची फ्रेज टाकतो आणि सगळे पुढच्या मुक्कामाला जातात. यातला एक मुक्काम कोमल रे आणि शुद्ध ग शेजारी ठेवणारा आहे. आपल्या कानाला तो बसंत मुखारीच्या आसपासचा वाटेल. कॉर्डांचा फेरा मोजत बसलात तर हा तुकडा हरवतो. फ्रेजकडे कान ठेवला तर सतरा मिनिटं सरळ उलगडतात.

हे संगीत कापता का येतं

आता तबल्याच्या त्याच रेकॉर्डिंगकडे परत या. समजा अर्ध्या तासातून दोन आवर्तनं काढून टाकायची आहेत. एका समेवर कापा, दोन आवर्तनं सोडून पुढच्या समेवर कापा, दोन टोकं जोडा. लहेऱ्याला पत्ताही लागणार नाही. आता हाच प्रयोग एखाद्या भावगीतावर करून बघा. अंतऱ्याच्या मधोमध कापलंत तर शब्द तुटतील, ओळ अर्धी राहील, गाणं लंगडेल.

बत्तीस खंडांचं जॅझ गाणं भावगीताच्या जातीचं. त्यात नवव्या खंडातला सूर पंधराव्या खंडाला चिकटवता येत नाही, कारण खाली कॉर्ड वेगळी असते. एकाच आधारस्वरावर, दोन खंडांच्या बासवर उभं असलेलं संगीत मात्र लहेऱ्याच्या जातीचं. तिथे पाचव्या मिनिटातला खंड पंधराव्या मिनिटाला जोडला तरी तळ तोच राहतो. माइल्सने कॉर्डांचे फेरे टाकले ते कात्रीच्या सोयीसाठी, असं म्हणणं बरोबर होणार नाही. तो त्या दिशेला दहा वर्षं चालतच होता. पण त्या निवडीमुळे मसेरोच्या हाती असं कापड आलं की ज्याला कुठेही शिवण घालता येईल.

मसेरो नुसता तंत्रज्ञ नव्हता. जुलियार्डमध्ये शिकलेला, स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा आणि संगीतरचना करणारा. त्याच वर्षी फेब्रुवारीत ध्वनिमुद्रित केलेल्या ‘इन अ सायलेंट वे’मध्ये त्याने एक धाडस करून पाहिलं होतं: शीर्षक तुकड्याची पहिली चार मिनिटं जशीच्या तशी शेवटी पुन्हा जोडली. वादकांनी ती एकदाच वाजवली होती. ऐकणाऱ्याला मात्र अस्ताई पुन्हा आल्याचा भास होतो. आकार टेबलावर घडवता येतो हे तिथे सिद्ध झालं. सहा महिन्यांनी तोच हात ‘बिचेस ब्रू’वर जास्त मोकळेपणाने फिरला: ‘फॅरोज डान्स’मध्ये 19 जोड आणि शीर्षक तुकड्यात 15.

ब्लेडचं काम, जवळून

टेप कापणं म्हणजे नेमकं काय, हे आता हाताने फारसं कोणी करत नाही म्हणून सावकाश सांगण्यासारखं आहे.

स्टुडिओतली टेप बहुधा सेकंदाला 15 इंच, म्हणजे 38 सेंटिमीटर वेगाने धावते. याचा अर्थ एका सेकंदाचं संगीत म्हणजे हातात धरता येईल अशी फूटपट्टीहून थोडी लांब पट्टी. 27 मिनिटांचा शीर्षक तुकडा उलगडून ठेवला तर सहाशे मीटरच्या वर जाईल. अडीच हजार फुटांचं एक रीळ या वेगाला सुमारे 33 मिनिटं पुरतं. ‘टेप चालूच ठेवा’ या हुकमाची किंमत रिळांत मोजावी लागते.

कापायची जागा डोळ्यांना दिसत नाही, कानाने शोधावी लागते. रीळ मशीनवर तसंच ठेवून दोन्ही चक्रं हाताने पुढेमागे हलवायची. वेग इतका कमी असतो की ड्रमचा ठोका ‘धप’ न वाटता ‘घ्रूऽऽप’ असा घोगरा ऐकू येतो. त्याची सुरुवात प्लेबॅक हेडच्या बरोबर समोर आणायची आणि टेपच्या पाठीवर पिवळ्या किंवा पांढऱ्या तेलकट पेन्सिलीने खूण करायची. मग टेप उचलून कापणीच्या ठोकळ्यात बसवायची. हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा ठोकळा. त्यात टेपच्या रुंदीची खाच आणि तिच्यावर तिरकी चीर असते. सीबीएस रेडिओतल्या जोएल टॉल यांनी बनवलेला ठोकळा अमेरिकेतल्या स्टुडिओंत घरोघरच्या विळीसारखा झाला होता. ब्लेड चिरेतून एकदाच ओढायचं. दुसऱ्या तुकड्याचं तसंच. दोन्ही टोकं खाचेत एकमेकांना भिडवायची, वर चिकटपट्टी, नखाने घासून हवा बाहेर.

चीर तिरकी का? सरळ कापलं तर एक आवाज एकाएकी थांबतो, दुसरा एकाएकी सुरू होतो, आणि सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. पाव इंची टेपवर 45 अंशांत कापलं की सांधा पाव इंच लांब होतो, म्हणजे या वेगाला सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्या वेळात जुना आवाज विरतो आणि नवा चढतो. पण यालाही मर्यादा आहे. आठ ट्रॅकची, म्हणजे आठ आवाज शेजारीशेजारी वेगळे नोंदवणारी टेप एक इंच रुंद असते. तिला 45 अंशांत कापलं तर पहिल्या आणि आठव्या ट्रॅकच्या सांध्यांत जवळजवळ एक इंचाचं, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागाचं अंतर पडेल. ड्रम एका ट्रॅकवर आणि बास दुसऱ्यावर असेल तर ठोका फाटलेला ऐकू येईल. म्हणून रुंद टेपची चीर कमी तिरकी ठेवतात.

बिघडायच्या जागा अनेक. ब्लेड चुंबकीय झालं असेल तर प्रत्येक सांध्यावर टिचकी उमटते, म्हणून ते अधूनमधून विचुंबकित करायचं किंवा टाकून द्यायचं. चिकटपट्टी टेपपेक्षा किंचित अरुंद लागते. ती काठाबाहेर आली तर गोंद रिळातल्या पुढच्या थराला धरतो आणि वाजवताना टेप आचके देते. टोकांमध्ये केसाएवढी फट राहिली तर आवाजात खड्डा पडतो. एकावर एक चढली तर धक्का बसतो.

ही झाली हातांची चूक. कानाची चूक जास्त वाईट. वादक मेट्रोनोमवर वाजवत नव्हते, त्यामुळे चाल दहा मिनिटांत नकळत पुढे सरकते. बाराव्या मिनिटातला तुकडा दुसऱ्या मिनिटाला जोडला तर तळ जुळतो पण गती अडखळते, पायरी चुकल्यासारखी. तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्येही पेशकाराच्या मागोमाग द्रुतातला तुकडा लावला तर हेच होईल. झांज हा दुसरा शत्रू. झांजेची आस तीन-चार सेकंद रेंगाळते. कापल्यावर ती हवेतच तुटते. म्हणून जोड बहुधा अशा जागी घालतात जिथे नवीन तुकडा मोठ्या ठोक्याने सुरू होतो, म्हणजे त्या दणक्याखाली तुटलेली आस झाकली जाते. किंवा सगळे जरा शांत झालेले असतात अशा जागी.

एकच तुकडा पाच वेळा हवा असेल तर? टेपचा तुकडा एकच असतो, म्हणून आधी त्याच्या प्रती काढायच्या. प्रत काढली की मूळची खरखर आणि नव्या टेपची खरखर एकत्र येतात, पहिल्याच प्रतीला साधारण 3 डेसिबलची भर. प्रतीची प्रत काढत गेलात तर आवाजावरची वरची झळाळी उतरत जाते. शीर्षक तुकड्यात तीन मिनिटांच्या सुमारास पाचेक सेकंदांचे फेरे असेच जोडलेले आहेत. आज संगणकावर हे दोन कळा दाबून होतं, आणि म्हणूनच कदाचित आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

प्रतिध्वनी कुठून आला

शीर्षक तुकडा उघडतो तेव्हा ट्रंपेटचा एकेक फटका दरीत फेकल्यासारखा परत परत येतो. हीही टेपचीच करामत. टेपयंत्रात एक हेड ध्वनी नोंदवतं आणि थोड्या अंतरावरचं दुसरं तो वाचतं. दोघांमध्ये 5 सेंटिमीटर अंतर आणि वेग सेकंदाला 38 सेंटिमीटर असेल तर वाचलेला आवाज सुमारे 0.13 सेकंद उशिरा येतो. वेग निम्मा केला तर उशीर दुप्पट. हा उशिराचा आवाज थोडा कमी करून पुन्हा नोंदवणाऱ्या हेडकडे पाठवला की एकाचे अनेक प्रतिध्वनी होतात, प्रत्येक आधीच्याहून क्षीण. बटण जास्त फिरवलं तर क्षीण होण्याऐवजी ते वाढत जातात आणि यंत्र कोकलू लागतं. कोलंबियाच्या तंत्रज्ञांनी मसेरोसाठी असं एक खास यंत्र बनवून दिलं होतं. प्रतिध्वनीच्या जागेत कापायची वेळ आली तर काय होईल, हे झांजेच्या उदाहरणावरून कळेलच: शेपूट तुटते आणि चोरी पकडली जाते.

आठ ट्रॅक, बारा माणसं

स्टुडिओत आठ ट्रॅकचं यंत्र होतं. शीर्षक तुकड्यात बारा वादक, त्यात दोन ड्रमसेट. प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅक मिळणं गणितातच बसत नाही. शिवाय सगळे एकत्र वाजवत असल्याने एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो. याचा परिणाम असा की एखाद्या वादकाची चूक नंतर सुटी काढता येत नाही, कारण तिची सावली शेजारच्या ट्रॅकवरही पडलेली असते. ध्वनिमुद्रक स्टॅन टॉंकेलला तोल बराचसा तिथल्या तिथे साधावा लागला. नंतर बदलता येत होता तो क्रम, म्हणजे कोणतं मिनिट आधी आणि कोणतं नंतर. मसेरोचं कौशल्य नेमकं तिथे खर्ची पडलं यात नवल नाही.

झाविनुलचं काय झालं पहा. ‘फॅरोज डान्स’ ही त्याची रचना. त्याने लिहिलेली मुख्य चाल रेकॉर्डवर सरळ ऐकू येते ती सोळा मिनिटं उलटल्यावर, माइल्सच्या ट्रंपेटवर, आणि मग शेवटपर्यंत तीच फिरत राहते. म्हणजे मुखडा शेवटी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी झाविनुल फारसा खूश नव्हता. काही महिन्यांनी कंपनीच्या कचेरीत एक जबरदस्त संगीत वाजताना ऐकून हे कोणाचं म्हणून त्याने चौकशी केली, तेव्हा हे तुम्हीच वाजवलंय असं उत्तर मिळालं, असा किस्सा तो पुढे सांगत असे.

सगळेच तुकडे असे शिवलेले नाहीत. ‘सँक्चुअरी’ म्हणजे दोन टेक, म्हणजे एकच तुकडा दोनदा वाजवलेला, एकापुढे एक लावलेले. पाच मिनिटं आणि काही सेकंदांनी चाल नव्याने सुरू होते तिथे जोड आहे, लक्ष दिलं तर कळतो. ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ नावाचा साडेचार मिनिटांच्या आतला तुकडा पहिल्या दिवशीचाच, पण त्यात माइल्स वाजवतच नाही.

तबकडीची अडचण

शीर्षक तुकडा 27 मिनिटांचा आणि तो एका बाजूवर मावायला हवा. एलपी मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घेते, म्हणजे 27 मिनिटांत नऊशे फेरे. तबकडीवर खाचेसाठी त्रिज्येत साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास जागा असते. भागाकार केला तर एका फेऱ्याच्या वाट्याला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी जागा येते. खर्जाचा आवाज खाचेला आडवा मोठा झोका देतो. दोन बास, दोन बास ड्रम आणि बास क्लॅरिनेट एकाच वेळी झुलायला लागले तर शेजारच्या खाचेची भिंत फुटून सुई उडी मारेल. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे पूर्ण बाजू हलक्या आवाजात कोरायची. मग ऐकणारा आवाज वाढवतो आणि त्याबरोबर प्लास्टिकची खरखरही. वीस मिनिटांची ‘फॅरोज डान्स’ची बाजू यापेक्षा मोकळी आहे.

हे सगळं असूनही अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या अल्बमांच्या मुख्य यादीत पस्तिसाव्या जागेपर्यंत चढला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. खोलीतली माणसं मग पांगली आणि सत्तरच्या दशकातलं जवळजवळ अख्खं जॅझ-रॉक त्यांनीच उभं केलं: झाविनुल आणि शॉर्टरने वेदर रिपोर्ट, कोरियाने रिटर्न टू फॉरएव्हर, मॅक्लॉफ्लिनने महाविष्णु ऑर्केस्ट्रा. मॅक्लॉफ्लिनचा पुढचा थांबा तर मुंबईकर झाकिर हुसेन यांच्याबरोबरचा ‘शक्ती’. त्याआधी, नोव्हेंबर 1969मध्येच, माइल्सच्या स्टुडिओत सतारीवर खलील बालकृष्ण आणि जोडीला बिहारी शर्मा ही मंडळी येऊन बसली होती. पण ते मूळच्या दोन तबकड्यांवर नाही.

घरी करून पाहायचं असेल तर

ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. तंबोरा आणि ठेका, किंवा बास आणि ड्रम, असं काहीतरी एकाच स्वरावर पाच मिनिटं वाजवून नोंदवा. त्यातला एक खंड निवडा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत चार मात्रा म्हणजे बरोबर दोन सेकंद. निवड केल्यावर झेड कळ दाबली की दोन्ही टोकं लहर शून्यावर येते त्या बिंदूंवर सरकतात, त्यामुळे टिचकी येत नाही. प्रत काढून पुढे जोडा. सांध्यावर 15 ते 20 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे जुना आवाज विरताना नवा चढेल. ही तीच 45 अंशांची चीर. आता मुद्दाम निवड 30 मिलिसेकंदांनी आखूड करून पुन्हा फिरवा. प्रत्येक फेऱ्याला चाल ठेचकाळते. डोळ्यांना रेघ जवळपास तीच दिसते, पाय मात्र लगेच चूक पकडतो.

मग ‘फॅरोज डान्स’ पुन्हा लावा आणि पहिल्या तीन मिनिटांतली थांबत-सुरू होत जाणारी चाल ऐका. ती तशी कोणी वाजवलेली नाही, ती टेबलावर जोडलेली आहे. सांधे शोधायचे तर ट्रंपेटकडे पाहू नका, झांजेची आस आणि खोलीचा घुमारा धरून बसा. घुमारा एकदम बदलला की समजा जोड गेला.

1998मध्ये या सत्रांचा संपूर्ण संच निघाला तेव्हा मार्क वाइल्डरने मूळ आठ ट्रॅकच्या टेपांवरून नवं मिश्रण केलं. त्या टेपांवर वादन होतं, पण मसेरोने घडवलेला क्रम नव्हता. त्यामुळे जुनी रेकॉर्ड समोर ठेवून सगळे जोड, एका सेकंदाचा तो पाच वेळा येणारा तुकडासुद्धा, पहिल्यापासून पुन्हा घालावे लागले. मसेरोला तो संच आवडला नाही.